रिकामा रकाना

माझ्या नोकरीतलं एक सूत्र मला अजून पाठ आहे. विकलेले नग, गुणिले दर नगामागे येणाऱ्या तक्रारी, गुणिले एक तक्रार मिटवायला लागणारी सरासरी रक्कम. एक्सेलच्या एका चौकटीत ते मीच लिहिलं होतं, आणि उत्तर बरोबर येतंय ना हे दोनदा तपासूनही पाहिलं होतं.

वस्तू होती कपड्यांची इस्त्री. वायर मुठीत जिथे शिरते तिथे रबराची एक छोटी बाही असते. रोजच्या ओढाताणीत वायर नेमकी त्याच जागी मोडू नये म्हणून ती लावतात. आमच्या इस्त्रीची बाही आखूड होती. वर्ष-दीड वर्षात आतल्या तारेचं वेष्टण तडकायचं. बहुतेक वेळा इस्त्री नुसतीच बंद पडायची, कधीतरी ठिणगी उडायची आणि धरणाऱ्याचा हात भाजायचा. परत आलेली अशी एक इस्त्री कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. बाहीच्या टोकाशी नखाएवढा काळा डाग आणि त्यातून बाहेर आलेले तांब्याचे केसासारखे तंतू. मी ती उचलून बाजूला ठेवली, कारण तिच्याखाली माझे कागद अडकले होते.

लांब बाहीचा खर्च एका रकान्यात होता, तक्रारी मिटवण्याचा शेजारच्या रकान्यात. दुसरा आकडा लहान होता, म्हणून तो निवडला गेला. बैठक पंचवीस मिनिटांत संपली. त्या खोलीत दुष्ट म्हणावं असं कुणी नव्हतं. सगळे माझ्यासारखेच, घरी वेळेवर पोचायची घाई असलेले.

नुकसानभरपाई या शब्दाशी माझी ओळख ही अशी उलट्या बाजूने झालेली आहे. वकील तिला न्याय म्हणत असतील. माझ्याकडे ती 'तरतूद' या नावाने यायची, भाडं आणि वीजबिल यांच्या खालच्या ओळीत.

म्हणूनच कुठल्याशा खटल्यात ज्युरीने, म्हणजे निकालासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, कंपनीला कोट्यवधी डॉलरचा भुर्दंड बसवला अशी बातमी आली की लोक तावातावाने बोलतात ते मी वेगळ्या कानाने ऐकते. दिवाणी दाव्याचा सरळ नियम असा, की ज्याचं जेवढं नुकसान झालं तेवढं भरून द्यायचं, त्याला घटनेच्या आधी होता तिथे, निदान पैशापुरता, परत नेऊन ठेवायचं. दंडात्मक भरपाई या नियमाबाहेरची. नुकसान भरून दिल्यानंतर, त्याच्या वर, केवळ करणाऱ्याला अद्दल घडावी आणि बाकीच्यांनी धडा घ्यावा म्हणून द्यायला लावलेली रक्कम. फौजदारी शिक्षेचं काम दिवाणी कोर्टात, तेही फौजदारी खटल्यातल्या कडक पुराव्याच्या अटींशिवाय. आणि दंड सरकारजमा होण्याऐवजी जातो दावा लावणाऱ्याच्या खिशात. आक्षेप घ्यायला जागा भरपूर आहे, हे मान्यच.

पण ही पद्धत सुरू कुठून झाली ते मला फार आवडतं. १७६३ सालचं लंडन. 'नॉर्थ ब्रिटन' नावाच्या पत्राच्या ४५व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका छापून आली. सरकारने लेखक-मुद्रक सगळ्यांना पकडायचं वॉरंट काढलं, त्यात नाव कुणाचंच नाही. दिसेल त्याला धरा. धरलेल्यांत छापखान्यातला एक साधा कामगार होता, आठवड्याला एक गिनी पगाराचा. त्याला सहाएक तास अडकवून ठेवलं, आणि वागवलं मात्र अगदी नीट. बीफस्टेक खायला घातलं, बिअर पाजली. त्याने दावा लावला तेव्हा सरकारपक्षाचं म्हणणं हेच होतं, की याचं नुकसान ते काय झालं?

हिशेबाने पाहिलं तर बरोबरच होतं त्यांचं. सरन्यायाधीश प्रॅटदेखील म्हणाले, की त्या माणसाला झालेला त्रास तेवढाच पाहायचा तर २० पौंड पुरले असते. ज्युरीने दिले ३००. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, म्हणजे ही रक्कम त्याच्या साडेपाच वर्षांच्या पगाराएवढी भरते (सवय जात नाही, मी लगेच भागून पाहिलं). न्यायाधीशांनी ती कमी करायला नकार दिला. त्यांच्या मते ज्युरीसमोर फक्त एका कामगाराचे सहा तास नव्हते, बिननावाच्या कागदावर कुणाच्याही दारात शिरणारी सत्ता होती. तिची किंमत बिअरच्या ग्लासात मोजता येत नाही.

यातून जे निघालं ते इंग्लंडने पुढे बरंच आवळलं. १९६४ मध्ये तिथले न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांनी अशी भरपाई मोजक्याच प्रकारांपुरती ठेवली. एक, सरकारी माणसांची मनमानी. दुसरा प्रकार वाचताना मी खुर्चीत नीट सरसावून बसले होते: भरपाई देऊनही नफाच उरेल असा हिशेब करून ज्याने कुणाचं नुकसान केलं, तो. कायद्याला माझ्या सूत्राची ओळख होती तर.

पिंटो गाडीची गोष्ट या संदर्भात हमखास सांगतात आणि बहुतेक वेळा चुकीची सांगतात. फोर्डची ही छोटी गाडी मागून धडक बसली की टाकी फुटून पेटायची. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अशीच एक पेटली, चालवणारी बाई गेली आणि शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. १९७८ मध्ये ज्युरीने १२ कोटी ५० लाख डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती ३५ लाखांवर आणली. लोकांच्या डोक्यात जे बसलंय ते कंपनीचं टिपण: १८० मृत्यू, दर मृत्यूचे २ लाख डॉलर, जखमी आणि जळालेल्या गाड्याही धरून दुरुस्तीचा एकूण फायदा सुमारे ५ कोटी, दुरुस्ती दर गाडीमागे ११ डॉलर, एकूण खर्च १३ कोटी ७० लाख, म्हणून दुरुस्ती नको. टिपण खरं आहे. पण ते गाडी उलटल्यावर होणाऱ्या गळतीबद्दल होतं, सरकारी नियामकांना दिलेलं होतं, माणसाच्या जिवाचे २ लाख हा आकडाही सरकारी खात्याकडूनच आलेला होता, आणि त्या ज्युरीने ते पाहिलंच नव्हतं. ज्युरीसमोर होतं ते याहून साधं. टाकी ताशी ३४ ते ३८ मैलांच्या धडकेतही टिकेल अशा सगळ्या सुधारणांचा एकत्र खर्च दर गाडीमागे १५ डॉलर ३० सेंट होता, हे कंपनीच्या वरच्या माणसांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. धोक्याची किंमत मांडणं हाच गुन्हा धरला तर प्रत्येक कंपनी मांडायचंच बंद करेल, निदान कागदावर तरी. मी जे सूत्र लिहिलं त्यात सूत्र लिहिणं चूक नव्हतं असं मला आजही वाटतं. चूक त्यातल्या तिसऱ्या संख्येत होती. 'एक तक्रार मिटवायला लागणारी सरासरी रक्कम' ही मी मागच्या नोंदींवरून काढली होती, म्हणजे जे तक्रार घेऊन आले त्यांच्यावरून. जे आलेच नाहीत, ज्यांनी भाजलेला हात नळाखाली धरला, इस्त्री भंगारात टाकली आणि आपणच वायर नीट गुंडाळत नव्हतो असं स्वतःला समजावलं, ते माझ्या सूत्रात नव्हते. त्यांचं दुःख आमच्या ताळेबंदात शून्य होतं.

अर्थशास्त्राच्या अंगाने कायद्याचा विचार करणारे लोक याला एक सुटसुटीत उत्तर देतात. नुकसान करणारा चारातून एकदाच पकडला जात असेल, तर त्या एका वेळी चौपट वसूल करा. मग फसवणुकीचा हिशेब तोट्यात जातो आणि तो आपणहून सुधारतो. पॉलिन्स्की आणि शॅव्हेल यांनी १९९८ मध्ये हे नीट गणितात मांडलं. मला हे पटतं, कारण ते माझ्याच भाषेत आहे. यात सूड नाही, कंपनीबद्दल राग नाही, न आलेल्यांना गुणाकारात धरणं आहे.

अलाबामातल्या एका डॉक्टरच्या गाडीचा खटला या गुणाकाराचा इतका स्वच्छ नमुना आहे की शाळेत शिकवावा. त्याने ४० हजार डॉलरच्या वर मोजून नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी चकाचक करायला दिली तेव्हा तिथल्या माणसाला रंगात काहीतरी खटकलं. गाडी वाटेत खराब झाली होती आणि कंपनीने ६०१ डॉलर खर्चून पुन्हा रंगवून 'नवी' म्हणून विकली होती. किमतीच्या ३ टक्क्यांच्या आतली दुरुस्ती असेल तर सांगायचं नाही, हे कंपनीचं धोरणच होतं. ज्युरीने नुकसान धरलं ४ हजार डॉलर. दंडात्मक भरपाई दिली ४० लाख.

हजारपट! वाचणारा इथे हसतो. पण खटल्यात आणखी एक आकडा होता. अशा ३०० डॉलरपेक्षा जास्त दुरुस्तीच्या, कंपनीने काही न सांगता देशभर विकलेल्या गाड्या ९८३. त्यांना ४ हजारांनी गुणा. ३९ लाख ३२ हजार. ज्युरीतल्या लोकांनी बहुधा हवेतून आकडा काढलाच नव्हता, गुणाकार केला होता.

राज्याच्या कोर्टाने तो निम्मा केला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी उरलेले २० लाखही बेसुमार ठरवले. कारणांपैकी एक अगदी योग्य होतं: ज्या राज्यांत असं न सांगणं बेकायदा नाही तिथल्या गाड्यांसाठी अलाबामाने शिक्षा का द्यावी? अलाबामात विकलेल्या गाड्या होत्या १४. प्रकरण परत गेल्यावर राज्याच्या कोर्टाने रक्कम ५० हजारांवर आणली. चौदा चोक छप्पन्न. तेही गुणाकारापासून फार लांब नाही.

पुढे मात्र कोर्ट गुणाकार सोडून गुणोत्तराकडे वळलं. २००३ मध्ये एका विमा कंपनीविरुद्धच्या खटल्यात, १० लाखांच्या नुकसानीवर १४ कोटी ५० लाखांचा दंड पाहून कोर्टाने सांगितलं की साधारणपणे हे प्रमाण एक आकडी असावं, म्हणजे फार तर नऊपट. २००७ मध्ये सिगारेट कंपनीच्या खटल्यात आणखी स्पष्ट केलं की खटल्यात नसलेल्या इतरांच्या नुकसानीबद्दल शिक्षा देता येणार नाही. कायदेशीर कारण समजतं. जो समोर नाही त्याच्याबद्दल कंपनी आपली बाजू कशी मांडणार? तरी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की माझ्यासारखीला आनंदाने उडी मारावीशी वाटली असती. दर माणशी थोडं थोडं, पण लाखो माणसांचं नुकसान करा, त्यातला हजारात एक कोर्टात जाईल, आणि त्याला फार तर नऊपट. नऊ ही संख्या माझ्या चौकटीत आरामात बसते.

कॉफीचा खटला सांगायलाच हवा, कारण विनोद म्हणून तो आपल्यापर्यंतही पोचलेला आहे. सगळा पुन्हा सांगत नाही. ७९ वर्षांची बाई, थांबलेल्या गाडीत, ८० अंशांच्या वरची कॉफी मांडीवर, कातडी बसवण्याच्या शस्त्रक्रिया. तिने २० हजार डॉलर मागितले, मॅकडोनाल्ड्सने ८०० देऊ केले. १९९४ मध्ये ज्युरीने २७ लाखांचा दंड ठोठावला, कंपनीच्या कॉफीची दोन दिवसांची विक्री. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजार केला. मी अडकले ती वेगळ्याच ठिकाणी. त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे होत्या, आणि कंपनीच्या बाजूने सांगण्यात आलं की विकलेल्या अब्जावधी कपांच्या मानाने ही संख्या नगण्य आहे. विकलेले नग, दर नगामागे तक्रारी. माझीच चौकट, फक्त इस्त्रीऐवजी कप.

त्या भागाकारात खोटं काहीच नाही. म्हणूनच भागाकार करणाऱ्याला त्यातलं माणूस दिसत नाही. ज्युरीतल्या लोकांनी दोन दिवसांची विक्री हे माप निवडलं, ते मला बिनतोड वाटतं. जो कपांत मोजतो त्याला कपांतच सांगितलं.

आता दुसरी बाजू, जी मला झोपू देत नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर चढलं, १ कोटी १० लाख गॅलनच्या आसपास तेल समुद्रात गेलं. १९९४ मध्ये ज्युरीने ५ अब्ज डॉलरचा दंड दिला. मग अपील, पुन्हा अपील, अडीच अब्ज, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५० कोटी ७५ लाख. १९ वर्षं. तेवढ्यात दावा लावलेले कितीतरी मासेमार वारले होते. आकडा जेवढा मोठा, तेवढा तो लढवत ठेवणं कंपनीला परवडतं, हेही हिशेबातच बसतं. कित्येकदा तो मोठा आकडा शेवटी सौद्याला लागतो: कमी घे, लवकर घे आणि तोंड बंद ठेव. कॉफीचा खटलाही अखेर गुप्त तडजोडीने मिटला. लोकांना धडा मिळावा म्हणून दिलेली शिक्षा लोकांपासूनच लपते.

करांची गंमत तर कुणी सांगतच नाही. अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्यात कंपनीला अशी दंडात्मक भरपाई साधारणपणे धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. आणि ज्याला ती मिळते त्याने तिच्यावर कर भरायचा, हे १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. शिक्षा झालेल्याला सूट आणि भाजलेल्याला कर! काही राज्यांत तर या दंडाचा विमाही उतरवता येतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ते चालू देत नाहीत. ज्या शिक्षेचा हप्ता भरता येतो ती माझ्या यादीत वीजबिलाखालीच येणार.

पैसे कुणी घ्यावेत यावरही मला सरळ उत्तर सापडत नाही. नेब्रास्कात ही पद्धतच नाही; तिथल्या राज्यघटनेने दंडाचा पैसा शाळांसाठी राखलाय. वरचा सिगारेट खटला ज्या राज्यातला, त्या ऑरेगनमध्ये त्या वेळी ६० टक्के वाटा राज्याकडे जायचा. हे मला न्याय्य वाटतं, न आलेल्यांचे पैसे न आलेल्यांकडे. पण एवढी वर्षं, एवढे वकील, कंपनीच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहणारा तो एक माणूस उठेल कशाला, त्याला काही मिळणारच नसेल तर? जर्मनीने हा गुंता घरात घेतलाच नाही. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका अमेरिकी निकालातला दंडाचा भाग वसूल करून द्यायला नकार दिला: शिक्षा सरकार देतं, शेजारी नाही.

आणि भीती वाटते तेवढी ही पद्धत फोफावलेलीही नाही. अमेरिकेत २००५ च्या सरकारी पाहणीत, दिवाणी खटले जिंकलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच दंडात्मक भरपाई मिळाली होती आणि तिचा मध्यक, म्हणजे रकमा ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६४ हजार डॉलर होता. बातम्यांत येतात ते अपवाद.

त्या अपवादांत लहर असते, हे खरंच. मानसशास्त्रज्ञ कानमन, कायद्याचे अभ्यासक सनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात पाहिलं की कुठलं कृत्य जास्त संतापजनक यावर लोकांचं चांगलं एकमत होतं, पण तोच संताप डॉलरमध्ये लिहायला सांगितला की आकडे कुठल्या कुठे पांगतात. वकिलाने आधी मोठी रक्कम उच्चारली की ज्युरीही वर सरकते. एकाच गुन्ह्याला एका गावात लाख आणि शेजारच्या गावात कोटी, याला न्याय म्हणायला जीभ रेटत नाही. २००८ च्या त्या तेलाच्या निकालात न्यायमूर्ती सूटर यांनी हेच दुखणं धरलं. शिक्षेचा अंदाज आधी बांधता आला पाहिजे, म्हणजे जुने अमेरिकी न्यायमूर्ती होम्स यांच्या त्या प्रसिद्ध 'वाईट माणसा'लाही, जो कायद्याकडे फक्त आपल्याला काय भोगावं लागेल एवढ्यासाठी पाहतो त्याला, एक किंवा दुसरा मार्ग निवडताना काय पणाला लागलंय ते दिसेल, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं.

वाक्य न्याय्य आहे, समंजस आहे. पण त्यातला वाईट माणूस म्हणजे मी. अंदाज बांधता आला की काय होतं ते मला माहीत आहे. अंदाज बांधला की तो रकान्यात जातो, आणि रकान्यात गेलेल्या गोष्टीला मी घाबरत नव्हते.

इस्त्रीची गोष्ट अर्धीच सांगितली. तीच इस्त्री अमेरिकेला पाठवायचं ठरलं तेव्हा मी फाइलला तिथल्यासाठी वेगळं पान जोडलं आणि तेच सूत्र उतरवलं. कंपनीच्या वकिलांनी पान पाहिलं. म्हणाले, "मॅडम, हे तिथे चालणार नाही. एखादं प्रकरण ज्युरीपुढे गेलं तर काय होईल सांगता येत नाही."

"अंदाजे आकडा द्या ना सर. वरची मर्यादा तरी."

"तोच तर नाही माझ्याकडे."

मी ती चौकट रिकामी ठेवली. साहेबांनी पान खाली-वर सरकवून पाहिलं, रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय?" कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी बाहीची किंमत विचारली. ती मला तोंडपाठ होती.

अमेरिकेला गेलेल्या सगळ्या मालाला लांब बाही लागली. बाकी बाजारांच्या पानावर सूत्र होतं, त्यामुळे तिथे आखूडच राहिली. गोदामात दोन्ही प्रकारची खोकी शेजारी शेजारी रचलेली असत, बाहेरून ओळखू यायची नाहीत. लांब बाहीच्या खोक्यांवर हिरवी पट्टी लावायची सूचना मीच काढली होती, माल एकमेकांत मिसळू नये म्हणून.